वाड्याच्या माळ्यावर सापडलेली आजोबांची बंदूक : हत्यार कायदा, पोलीस ठाणे आणि आपले अधिकार

जुनावाडा (धागाकर्ता)

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासाला दिला असून पुढच्या महिनाअखेरीस तो रिकामा करून द्यायचा आहे. गेल्या रविवारी मी आणि माझा चुलतभाऊ माळा आवरत होतो. तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्या मागे जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांब वस्तू निघाली. सोडून पाहतो तर बारा बोअरची दुनळी बंदूक. नळ्यांवर गंज चढला आहे, दस्त्याला तडा गेला आहे. उजवीकडचा घोडा मागे ओढून चाप दाबला तेव्हा टक् असा आवाज झाला. डावीकडचा घोडा गंजून जागेवरच बसला आहे. (हा उद्योग करायला नको होता, हे मला नंतर सुचले.) सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लाल पुठ्ठ्याची अकरा काडतुसे आणि आजोबांच्या नावाचे परवान्याचे पुस्तक होते. त्यावर शेवटचे नूतनीकरण १९८४ सालचे आहे. आजोबा १९८६ साली गेले, वडील २०११ साली. आईला बंदुकीबद्दल माहीत होते, पण ती केव्हाच सरकारजमा झाली असावी अशी तिची समजूत होती.

चुलतभावाचे म्हणणे असे की रात्री लकडी पुलावरून मुठेत टाकावी आणि विषय संपवावा. आई म्हणते, पोलिसांकडे गेलास तर तुलाच बसवून ठेवतील. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा मार्गही दिसत नाही. आमच्याकडून गुन्हा झाला आहे का, आणि पोलीस ठाण्यात गेल्यावर आमचे अधिकार नेमके कोणते, हे जाणकारांनी सांगावे.

फौजदारीवाला

मी शिवाजीनगर न्यायालयात बरीच वर्षे फौजदारी वकिली केली आहे. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावा, कागद पाहिल्याशिवाय कोणी पक्का सल्ला देऊ नये आणि कोणी घेऊही नये.

आधी नदीचे. आज तुमच्याजवळ आहे ती एक अडचण आहे, जिचा खुलासा करता येतो. बंदूक नदीत टाकलीत की खुलासा करण्याची संधी जाईल आणि पुरावा नाहीसा करण्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम २३८, म्हणजे पूर्वीचे २०१, उगाच अंगावर येऊ शकेल. शिवाय मुठेला बाराही महिने पाणी नसते. उन्हाळ्यात तीच बंदूक कोणा पोराच्या हाती लागली तर पुढे जे होईल त्याचा माग तुमच्या वाड्यापर्यंत पोहोचू शकतो.

आता गुन्ह्याचे. भारतीय हत्यार कायदा १९५९ सालचा आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही, आणि तसे केल्यास कलम २५ प्रमाणे शिक्षा होते. पोलिसांच्या बोलीत यालाच ‘तीन-पंचवीस’ म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या, बंदुकीच्या विनापरवाना ताब्यासाठी किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. बेकायदा निर्मिती आणि विक्रीसाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत मजल जाते. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, आणि तुमच्यासारख्या प्रकरणातले कलम अजामीनपात्रही आहे. आईंची भीती म्हणूनच अगदी निराधार नाही.

मात्र ‘ताबा’ हा शब्द न्यायालये कसा वाचतात हे समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात सांगितले की वस्तू जवळ असणे एवढ्याने ताबा सिद्ध होत नाही, तिच्या असण्याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण दोन्ही लागतात. विमानतळावर प्रवाशाच्या बॅगेच्या अस्तरात विसरलेले एखादे काडतूस सापडते, तेव्हा अशा कित्येक प्रकरणांत याच तत्त्वावर गुन्हे रद्द झाले आहेत. तुमच्या बाबतीत जाणीव गेल्या रविवारी झाली. म्हणूनच रविवारपासून पुढे तुम्ही काय केलेत याला महत्त्व आहे. कलम २१ म्हणते की परवान्याची मुदत संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नसेल, तर ते हत्यार विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. तुमचा तिसरा मार्ग हाच आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे.

आणखी एक कवच कलम ३९ चे. कलम ३ च्या उल्लंघनाबद्दल खटला चालवायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. स्वतःहून हत्यार जमा करणाऱ्या वारसाचे कागद त्या टेबलावर गेले तर ते कसे दिसतील, याचा विचार करा.

जुनावाडा

मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. बंदूक इतकी जुनी आणि गंजलेली आहे की तिला हत्यार म्हणावे का? दुसरे, आईला ती आठवण म्हणून ठेवायची आहे, तर ते शक्य आहे का?

फौजदारीवाला

जुनी असणे पुरेसे नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालवता येऊ नये अशी अट आहे. तुमचा घोडा टक् वाजतो म्हणता, म्हणजे ही सूट विसरा. गंज घासून निघतो. पणजोबांच्या काळातली ठासणीची बंदूक, जिची नळीच बुजलेली आहे, तिची गोष्ट वेगळी झाली असती, आणि तिथेही निर्णय आपण घरी बसून करायचा नसतो.

ठेवायची असेल तर वारसाला परवाना मागता येतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा हत्यार २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाच्या अर्जाचा विचार होतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या आयुक्तालयांच्या हद्दीत अर्ज संबंधित पोलीस आयुक्तांकडे जातो, ग्रामीण हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो आणि हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. २०१९ पासून एका व्यक्तीला, वारसाहक्काची धरूनही, दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. आठवणीसाठी एवढा खटाटोप करावा का, हे आईंनी ठरवावे. माझ्या मते आजोबांचे परवान्याचे पुस्तक छायांकित करून ठेवणे पुरेसे आहे. मात्र मूळ पुस्तक जपा, या प्रकरणातला तुमचा सर्वांत मोठा साक्षीदार तेच आहे.

सिंहगडरोडवरून

‘स्वतःहून जा’ हे वाचायला छान वाटते. माझा अनुभव सांगतो. मागच्या पावसाळ्यात मुळशीकडच्या शेतावरून रात्री परत येत होतो. नाकाबंदीत गाडी थांबवली, डिकी उघडायला लावली. आत गवत कापायचा कोयता होता, पात्याला चिखल आणि गवताच्या काड्या तशाच चिकटलेल्या. ‘हा कशाला?’ या प्रश्नाला मी जरा चढ्या आवाजात उत्तर दिले आणि पुढचे पाच तास एका पोलीस ठाण्याच्या बाकावर काढले. अटक केली असे कोणी म्हणाले नाही, सोडतो असेही कोणी म्हणाले नाही. घरी फोन करू का विचारले तर ‘साहेब येऊ द्या’. पहाटे तीनच्या सुमारास एका कागदावर सही घेतली आणि जा म्हणाले. कागद वाचला नाही, इतका दमलो होतो. नंतर वकील मित्राने प्रत मिळवली, तेव्हा त्यात ‘संशयास्पदरीत्या फिरत असताना हत्यारासह मिळून आला’ असे लिहिलेले होते. शेत, गवत, चिखल, यांतला एकही शब्द नव्हता.

फौजदारीवाला

तुमचा राग योग्य आहे. त्यातून शिकण्यासारखे बरेच असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

कोयत्याबद्दल आधी. तलवार, सुरा, भाला किंवा नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे नियमांच्या अनुसूचीत येतात. पण घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यांतून वगळलेली आहेत. मग तुम्हाला थांबवले कशावर? बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ वर. त्याखाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढतात, आणि त्या आदेशात शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी घालता येते. भंग केल्यास कलम १३५. वर्तमानपत्रातील ‘३७(१)(३) सह १३५’ हे कोडे ते हेच. पुण्यात कोयता हा शब्द गेल्या काही वर्षांत टोळक्यांच्या कोयताहल्ल्यांमुळे बातम्यांत आला, ते पाहता नाकाबंदीवरच्या शिपायाचे डोळे डिकीतल्या पात्यावर थांबणे नवल नाही. म्हणून अवजार शेतातच ठेवावे. आणायचेच असेल तर पोत्यात बांधून, इतर अवजारांसोबत आणावे.

आता बाकावरचे पाच तास. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७२ प्रमाणे पोलिसांचे कायदेशीर निर्देश पाळणे आपल्यावर बंधनकारक आहे. न पाळणाऱ्याला ते ताब्यात घेऊ शकतात, किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडू शकतात. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगावा. अदखलपात्र प्रकरणातही नाव नाकारणे किंवा खोटे सांगणे हे अटकेचे कारण होऊ शकते. मात्र त्यापुढे ‘चौकशीसाठी बसवले’ आणि ‘अटक केली’ यांच्या मधला जो धूसर पट्टा आहे, त्यात नागरिकाने एकच प्रश्न शांतपणे विचारावा : ‘साहेब, मी जाऊ शकतो का?’ हो म्हणाले तर निघावे. नाही म्हणाले तर तुम्ही ताब्यात आहात आणि तेथून तुमचे अधिकार सुरू होतात.

ते असे. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर व्हावा आणि त्यावर कुटुंबातील किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षांकन सही असावी. नातेवाईक किंवा मित्राला कळवण्याचा तुमचा हक्क आहे आणि कळवण्याचे काम पोलिसांचे आहे. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हे घालून दिले, आज ते संहितेच्या कलम ३६ आणि ४८ मध्ये आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, मात्र संपूर्ण चौकशीत वकील शेजारी बसेल असे नाही (कलम ३८). अटकेची कारणे सांगणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नेच बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती कारणे सर्वच गुन्ह्यांत लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत असे म्हटले. तत्क्षणी देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी ती हाती पडली पाहिजेत. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. तपासातल्या प्रश्नांपैकी ज्यांचे उत्तर तुम्हाला गुन्ह्यात गोवेल, ते न देण्याचा हक्क अनुच्छेद २०(३) देतो.

सहीचे मात्र नीट लक्षात ठेवा. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरजच नसते, कलम १८१ त्या सहीला मनाई करते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, फक्त तिच्यामुळे जी वस्तू सापडली तेवढा भाग येतो. सही असते ती पंचनाम्यावर, अटकेच्या कागदावर, नोटिशीच्या पोचेवर, मुद्देमालाच्या यादीवर. तीही वाचून करावी. मजकूर चुकीचा असेल तर सहीखाली आपल्या हाताने ‘पाते शेतीकामाचे आहे असे मी सांगितले’ अशी एक ओळ लिहावी. पाच तासांनंतर ही ओळ लिहिणे अवघड असते हे मला मान्य आहे, पण पुढची पाच वर्षे वकील त्याच ओळीवर उभा राहतो.

ठाणेअंमलदार (निवृत्त)

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारा माणूस. वकील साहेबांनी लिहिलेले बरोबर आहे, पण ठाण्यात ते कसे घडते हे सांगतो.

रात्रपाळीच्या अंमलदाराकडे एकाच वेळी दारूबाज, हरवलेली मुलगी, अपघाताचा फोन आणि बंदोबस्ताची यादी असते. त्याच्यासमोर येऊन कोणी थेट कलमे म्हणायला लागला की त्याचा चेहरा बदलतो. हे योग्य नाही, पण खरे आहे. म्हणून अधिकार सोडा असे मी म्हणत नाही, आवाज खाली ठेवून वापरा असे म्हणतो. ‘साहेब, मी आल्याची वेळ स्टेशन डायरीला घ्याल का?’ असे विचारणारा माणूस ओरडत नाही आणि तरीही अंमलदाराला कळते की हा कागद ओळखतो.

बंदुकीबाबत. स्कूटरवर आडवी बांधून ठाण्यात आणू नका. वाटेत नाकाबंदी लागली तर जमा करायला चाललो होतो ही कहाणी सगळेच सांगतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास अर्ज घेऊन या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. अर्जातच विनंती करा की कर्मचारी पाठवून पंचांसमक्ष घरून हत्यार ताब्यात घ्यावे. तोपर्यंत ते जिथे सापडले तिथेच, कुलूप लावून ठेवा. पुन्हा चाप ओढू नका, साफ करायच्या भानगडीत पडू नका. काडतुसे मोजलीच आहेत तर अर्जात ‘आम्हास दिसलेली ११ काडतुसे’ असे लिहा. नुसते ‘११ काडतुसे’ लिहू नका.

पहिल्या भेटीला वकील सोबत आणावा की नाही, यावर माझे मत वकील साहेबांना आवडणार नाही. स्वतःहून हत्यार जमा करणारा माणूस वकिलाला पुढे करून आला की साध्या गोष्टीत काही दडले आहे असा वास अधिकाऱ्याला येतो. एकटे जा, शेजारचे एखादे ज्येष्ठ गृहस्थ सोबत न्या.

फौजदारीवाला

आवडले नाही हे खरे. ठाण्यातला वास हा कायद्याचा भाग नाही. पण मधला मार्ग असा काढता येईल : अर्ज वकिलाकडून तयार करून घ्यावा, वकिलाने फोनवर उपलब्ध राहावे. ‘आम्हास दिसलेली’ या शब्दांबद्दल अंमलदार साहेबांना मात्र सलाम, हे मला सुचले नव्हते.

कर्वेनगरकर

माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मित्रांसोबत ऑनलाइन तलवार मागवली आणि ती उगारलेला फोटो समाजमाध्यमावर टाकला. तलवारीला धार नाही. तो फोटो मी त्याला तिथून काढून टाकायला लावला आहे. पोलीस घरी आले तर काय करावे?

फौजदारीवाला

ताई, धार नाही हा बचाव आहे, हमी नाही. तलवारीचे नाव अनुसूचीत स्पष्ट आहे आणि मिरवणुकीच्या काळात मनाई आदेश बहुधा लागू असतो. तलवार घरात ठेवू नका, वर सांगितल्याप्रमाणे अर्ज करून जमा करा. मुलगा अठरा वर्षांच्या आतील असल्याने त्याला बाल न्याय अधिनियम २०१५ लागू होतो. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे लागते आणि २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. जबाबासाठी तुम्हाला बोलावले तर लक्षात ठेवा, साक्षीदार म्हणून चौकशी करताना स्त्रीला, तसेच पंधरा वर्षांखालील आणि साठ वर्षांवरील पुरुषाला, राहत्या घराबाहेर कुठेही येण्याची सक्ती करता येत नाही. अटक करायची झाली तरी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक होत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते.

बालेवाडीचा नेमबाज

खेळाच्या एअर गनबद्दल इथे गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. ०.१७७ इंच कॅलिबरच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरी रेंजवर जाताना ती खोळीत, खरेदीच्या पावतीसह न्यावी. लांबून ती खऱ्या बंदुकीसारखीच दिसते.

सिंहगडरोडवरून

एक मूलभूत प्रश्न. गुन्हा नोंदला म्हणजे आपल्यावर ‘आरोप ठेवला’ असे होते का? नोकरीच्या अर्जात हा रकाना असतो आणि माझी झोप उडते.

फौजदारीवाला

होत नाही. बातम्यांमुळे हे तिन्ही टप्पे एकच वाटतात. प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, ही केवळ सुरुवात आहे : कोणी काय सांगितले आणि त्यावरून कोणती कलमे लावली. तपासात कलमे वाढतात, कमी होतात, कधी गुन्हाच सिद्ध होत नाही असा अहवाल जातो. पुरावा मिळाला तर पोलीस दोषारोपपत्र दाखल करतात. त्यानंतर न्यायालय कागद पाहून आरोप निश्चित करते, आणि खऱ्या अर्थाने ‘आरोप ठेवला’ तो तेव्हा. त्याआधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता का, की नुसती डायरीत नोंद झाली, हे आधी पाहा. एफआयआर संवेदनशील नसेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येतो. रकान्यातला नेमका शब्द वाचून उत्तर द्यावे, घाबरून ‘हो’ लिहू नये आणि लपवून ‘नाही’ही लिहू नये.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. अर्नेश कुमार निकालाने २०१४ साली हे ठणकावले. अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस आली की हजर राहावे. हजर राहणाऱ्याला अटक करायची असेल तर पोलिसांना त्याची कारणे नोंदवावी लागतात. जुनावाडा यांच्या प्रकरणातले कलम कमाल पाच वर्षांचे, म्हणजे ते याच वर्गात येते. अटक झालीच, तर साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही की जामिनाचा हक्क तयार होतो. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेच्या, जन्मठेपेच्या अथवा मृत्युदंडाच्या गुन्ह्यांत हीच मुदत नव्वद दिवसांची. पण एक कटू बाब सांगायला हवी. नव्या संहितेच्या कलम ४३(३) मध्ये ज्या गुन्ह्यांत बेड्या घालण्याची मुभा दिली आहे, त्या यादीत बेकायदा हत्यार बाळगणेही आहे. माळ्यावरच्या बंदुकीत आणि टोळीच्या पिस्तुलात ती यादी फरक करत नाही. तो फरक अधिकाऱ्याला करावा लागतो, आणि त्याच्या हाती तसा कागद देणे आपल्या हातात असते.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

सिंहगडरोडवरून

मोबाईलवर चित्रीकरण केले तर चालते का?

ठाणेअंमलदार (निवृत्त)

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली सांगितले आहे की पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातील ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, त्यामुळे तिथे चित्रीकरण केले म्हणून तो गुन्हा लावता येत नाही. पण तोंडासमोर मोबाईल धरून अडवणूक केलीत तर सरकारी कामात अडथळ्याची भाषा सुरू होते. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण तर आता पोलिसांनीच करायचे आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे. ‘चित्रीकरण चालू आहे ना?’ एवढे विचारलेत तरी काम होते.

जुनावाडा

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

अर्ज वकिलांकडून करून घेतला आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक काका यांना घेऊन सकाळी साडेदहाला गेलो. अंमलदार बाईंनी अर्ज दोनदा वाचला, परवान्याचे पुस्तक उलटसुलट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला : ‘इतकी वर्षे काय करत होता?’ मी ठरवून ठेवल्याप्रमाणे सापडल्याचा दिवस, वेळ आणि सोबत कोण होते एवढेच सांगितले. आईला काय वाटत होते, चुलतभाऊ काय म्हणाला, यातले काही बोललो नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळाला. निरीक्षकांनी तासाभरात एक उपनिरीक्षक आणि दोन कर्मचारी आमच्याबरोबर पाठवले.

वाड्याच्या ओसरीवर चटई टाकून पंचनामा झाला. काका आणि समोरचे किराणावाले पंच. एक कर्मचारी मोबाईलवर चित्रीकरण करत होता. उपनिरीक्षकांनी डब्यातली काडतुसे एकेक करून चटईवर मांडली, अकरा भरली. मग बंदुकीचा खटका जोर लावून सरकवला आणि नळ्या खाली मोडल्या. उजवी नळी रिकामी होती. डाव्या नळीत, ज्या बाजूचा घोडा गंजून बसला होता त्या नळीत, बारावे काडतूस होते.

ओसरीवर कोणी काही बोलले नाही. मी चाप ओढला तेव्हा चुलतभाऊ नळीसमोर शिडी धरून उभा होता.

उपनिरीक्षकांनी अर्ज पुन्हा पाहिला. ‘आम्हास दिसलेली’ या शब्दांवर त्यांचे बोट थांबले. पंचनाम्यात मी विनंती करून असे लिहून घेतले : ‘अर्जात नमूद ११ काडतुसे डब्यात मिळून आली, हत्यार उघडून पाहता डाव्या नळीत आणखी १ काडतूस मिळून आले, त्याबाबत अर्जदारास पूर्वी माहिती नव्हती असे तो सांगतो.’ वाचले, मग सही केली. मुद्देमालाची पावती मिळाली : दुनळी बंदूक नग १, काडतुसे नग १२, परवाना पुस्तक नग १. पुस्तकाची छायाप्रत आईने देवघरातल्या कपाटात ठेवली आहे.

अहवाल आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे जाईल असे सांगितले आहे. आजपर्यंत गुन्हा नोंदलेला नाही. परवा एकदा जबाबासाठी बोलावले होते, जबाबावर सही मागितली नाही.